कंटेन, इन्क्लूड, कम्प्राइज आणि मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अमक्यात तमकं आहे’ एवढंच सांगायला इंग्रजीत इतके शब्द कशाला?

मराठीत हे काम एका प्रत्ययावर भागतं. हवेत ऑक्सिजन असतो, पुस्तकात दहा प्रकरणं आहेत, समितीत तिघे आहेत. सगळीकडे तोच ‘त’ आणि तेच ‘असणे’. समितीत ते तिघेच आहेत की आणखीही कोणी आहे, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजी मात्र क्रियापद निवडतानाच आपल्याकडून दोन गोष्टी वदवून घेते. एक, वाक्याचा कर्ता कोण: अख्खी वस्तू की तिचे भाग? दोन, पुढे येणारी यादी पूर्ण आहे की त्यातली काही नावंच? हे दोन प्रश्न आधी सुटले की शब्द बहुतेक वेळा आपोआप ठरतो. खालची बरीच उत्तरं फिरून याच दोन प्रश्नांवर येतात, त्याला इलाज नाही.

‘इन धिस बुक कंटेन्स टेन चॅप्टर्स’ यात चूक काय?

सुरुवातीचा ‘इन’. मराठी वाक्यात प्रकरणं कर्ता असतात आणि पुस्तक सप्तमीत बसतं. ‘कंटेन’ वापरलं की हे उलटतं: पुस्तक कर्ता होतं आणि प्रकरणं कर्म. म्हणून ‘धिस बुक कंटेन्स टेन चॅप्टर्स’. ‘इन’ ठेवायचाच असेल तर क्रियापद बदला: ‘देअर आर टेन चॅप्टर्स इन धिस बुक’. दोन्ही बरोबर आहेत, दोन्हींची सरमिसळ चूक. ‘इन द लिस्ट इन्क्लूड्स माय नेम’ हेही याच जातीचं. तिथे ‘द लिस्ट इन्क्लूड्स माय नेम’ किंवा ‘माय नेम इज इन्क्लूडेड इन द लिस्ट’.

मला विचाराल तर मराठीभाषकाची या शब्दांमधली सगळ्यात मोठी अडचण हीच. शब्दांचे अर्थ सगळ्यांना पाठ असतात, कर्ता कुठे बसतो तिथे गाडी घसरते.

‘द बॉक्स इज कंटेनिंग बुक्स’ चालेल?

नाही. ‘कंटेन’ ही स्थिती आहे, कृती नव्हे. खोक्यात पुस्तकं आहेत, खोकं काही करत नाहीये. त्यामुळे आत्ता या क्षणी असलं तरी ‘कंटेन्स’च. ‘कन्सिस्ट ऑफ’ आणि ‘कम्प्राइज’ यांनाही हाच नियम लागू.

‘इन्क्लूड’ थोडं वेगळं वागतं, कारण त्याला स्थिती आणि कृती अशी दोन अंगं आहेत. ‘द रिपोर्ट इन्क्लूड्स अ मॅप’ ही स्थिती, इथे ‘इज इन्क्लूडिंग’ नको. पण कोणी यादी करता करता म्हणालं, ‘आय ॲम इन्क्लूडिंग युअर नेम’, तर ते अगदी बरोबर आहे, कारण तो माणूस खरंच काहीतरी करतोय. ‘कंटेन’लाही कृतीचा एक अर्थ आहे, आवर घालण्याचा. तो पुढे येईलच.

‘कंटेन’ आणि ‘इन्क्लूड’ यांत नेमका फरक काय?

दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आणि त्यांची मुळं पाहिली की फरक लक्षात राहतो. ‘कंटेन’च्या मुळाशी ‘तेनेरे’ म्हणजे धरणे. रिटेन, डिटेन, मेंटेन, टेनंट ही सगळी त्याचीच भावंडं. ‘इन्क्लूड’च्या मुळाशी ‘क्लाउदेरे’ म्हणजे बंद करणे, दार लावणे. एक्स्क्लूड म्हणजे दार लावून बाहेर ठेवणे, कन्क्लूड म्हणजे मिटवून टाकणे. क्लोज आणि क्लॉझ हेही त्याच घरातले. म्हणजे ‘कंटेन’मध्ये वस्तू आत धरलेली आहे, तर ‘इन्क्लूड’मध्ये ती आत घेतलेली, मोजणीत धरलेली आहे.

पाकिटात पत्र असेल तर ‘द एन्व्हलप कंटेन्स अ लेटर’. पत्र पाकिटाचा भाग नाही, फक्त आत आहे, म्हणून इथे ‘इन्क्लूड्स’ विचित्र वाटतं. उलट सहलीत नौकाविहार धरलेला असेल तर ‘द टूर इन्क्लूड्स अ बोट राइड’. सहल म्हणजे काही डबा नव्हे, त्यामुळे इथे ‘कंटेन्स’ खटकतं. आणि दुरुस्तीच्या संचात पेचकस असेल तर दोन्ही चालतात, फक्त नजर बदलते. ‘द किट कंटेन्स अ स्क्रूड्रायव्हर’ म्हणणारा पेटी उघडून आत बघतोय. ‘द किट इन्क्लूड्स अ स्क्रूड्रायव्हर’ म्हणणारा संचाबरोबर काय काय मिळतं ते सांगतोय.

आणखी एक खूण: आत घेणारा माणूस दाखवता येत असेल तर शब्द ‘इन्क्लूड’च. ‘शी इन्क्लूडेड माय नेम’ होतं, ‘शी कंटेन्ड माय नेम’ होत नाही. औषधाच्या वेष्टनावर ‘ईच टॅबलेट कंटेन्स पॅरासिटामॉल’ असतं आणि पुढे मिलिग्रॅम. गोळीत मुरलेला, वेगळा काढून दाखवता न येणारा घटक असेल तिथे ‘कंटेन’ हक्काने बसतं.

‘इन्क्लूड’नंतर सगळी नावं द्यावीत का?

शक्यतो देऊ नयेत. ‘इन्क्लूड’ ऐकल्यावर वाचक धरून चालतो की यादी अपुरी आहे. ‘द प्लॅनेट्स इन्क्लूड मार्स अँड व्हीनस’ उत्तम. पण बुधापासून नेपच्यूनपर्यंत आठही ग्रह ओळीने लिहून आधी ‘इन्क्लूड’ टाकलं तर जाणकार वाचक नववा शोधू लागेल. वृत्तपत्रीय इंग्रजीसाठी वापरली जाणारी असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिकाही हेच सांगते: यादी अर्धीमुर्धी असेल तेव्हा ‘इन्क्लूड’, पूर्ण असेल तेव्हा ‘कम्प्राइज’.

याच कारणाने ‘इन्क्लूड्स मार्स, व्हीनस, एट्सेट्रा’ यातला शेवटचा शब्द फुकट जातो. ‘वगैरे’चं काम ‘इन्क्लूड’ने आधीच केलेलं असतं.

कन्सिस्ट ऑफ, कम्प्राइज, कम्पोज्ड ऑफ, कॉन्स्टिट्यूट: हा गोंधळ एकदाचा सोडवा.

एकच उदाहरण सगळ्यांतून फिरवून पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ सदस्य असतात. सनदेच्या २३व्या कलमात शब्द आहेत ‘शॅल कन्सिस्ट ऑफ फिफ्टीन मेंबर्स’. १९६५ मध्ये दुरुस्ती लागू होण्याआधी हा आकडा ११ होता, क्रियापद मात्र तेच.

अख्खी परिषद कर्ता असेल आणि यादी पूर्ण असेल, तर तीन मार्ग आहेत: ‘द काउन्सिल कन्सिस्ट्स ऑफ फिफ्टीन मेंबर्स’, ‘द काउन्सिल कम्प्रायझेस फिफ्टीन मेंबर्स’, ‘द काउन्सिल इज कम्पोज्ड ऑफ फिफ्टीन मेंबर्स’. अर्थ एकच, घडण वेगळी. ‘कन्सिस्ट’ला ‘ऑफ’ हवाच आणि त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, म्हणून ‘इज कन्सिस्टेड ऑफ’ हे कुठेच बसत नाही. ‘कम्प्राइज’ला ‘ऑफ’ नको. ‘कम्पोज’ या अर्थी जवळजवळ नेहमी कर्मणीत येतं.

सदस्य कर्ता असतील तर ‘फिफ्टीन मेंबर्स कॉन्स्टिट्यूट द काउन्सिल’ किंवा साध्या भाषेत ‘मेक अप द काउन्सिल’. इथे भागांपासून पूर्णाकडे प्रवास आहे. मराठीत ‘मिळून’ वापरतो तीच जागा: पंधरा सदस्य मिळून परिषद होते.

आणि पाच कायम सदस्यांपुरतंच बोलायचं असेल तर ‘द काउन्सिल इन्क्लूड्स फाइव्ह पर्मनंट मेंबर्स’. ‘कन्सिस्ट्स ऑफ फाइव्ह’ लिहिलंत तर उरलेल्या दहा देशांना तुम्ही घरी पाठवलंत.

‘कंटेन’ या उदाहरणात मी घेतलेलंच नाही. माणसांच्या गटासाठी ते ओबडधोबड वाटतं, सदस्य कपाटात ठेवल्यासारखे.

‘कम्प्राइज्ड ऑफ’ चूक आहे का? सगळीकडे दिसतं तर!

दिसतं, आणि आजचं नाही. अठराव्या शतकापासूनचे दाखले सापडतात, शब्दकोशही हा वापर नोंदवतात. तरी त्यावरून भांडणं होतात. विकिपीडियावरच्या एका संपादकाने या एकाच शब्दप्रयोगाविरुद्ध मोहीम उघडली होती. २०१५ मध्ये त्याच्या नावावर अशा सुमारे ४७ हजार दुरुस्त्या असल्याच्या बातम्या आल्या.

माझं मत: बोलताना निघून गेला तर आभाळ कोसळत नाही, पण परीक्षेत, अर्जात किंवा प्रबंधात लिहू नका. कारण व्याकरणाचं नाही, व्यवहाराचं आहे. ‘कम्पोज्ड ऑफ’ लिहिलं तर कोणीच भुवई उंचावत नाही. मग उगाच भांडण का ओढवून घ्यायचं? ‘कम्प्रायझेस ऑफ’ची गोष्ट वेगळी. ती सरळ चूक आहे, तिची बाजू घेणारा शब्दकोश मिळणार नाही.

जाता जाता: ‘कम्प्राइज’चा शेवट झ-सारखा उच्चारतात आणि जोर ‘प्राइज’वर असतो. ‘कॉम्प्रमाइज’ म्हणजे तडजोड, त्याचा याच्याशी संबंध नाही.

‘कन्सिस्ट इन’ हे काय प्रकरण आहे?

क्वचित भेटतं, पण भेटलं की अडतं. ‘कन्सिस्ट ऑफ’ घटक सांगतं, ‘कन्सिस्ट इन’ मर्म सांगतं. ‘करेज कन्सिस्ट्स इन ॲक्टिंग डिस्पाइट फिअर’ म्हणजे भीती असूनही पाऊल उचलणं यातच धैर्य आहे. आजच्या इंग्रजीत इथे बहुतेक जण ‘लाइज इन’ म्हणतात. तेच वापरा.

‘मावणे’ला इंग्रजी काय? ‘कंटेन’च ना?

नाही, ‘होल्ड’. ‘द बॉटल होल्ड्स टू लिटर्स’ म्हणजे बाटलीत दोन लिटर मावतात. ती या क्षणी रिकामीही असेल. ‘द बॉटल कंटेन्स टू लिटर्स’ म्हटलं की बहुतेक जण समजतात, आत्ता तिच्यात दोन लिटर आहेत. क्षमता आणि प्रत्यक्ष आतला ऐवज हा फरक मराठी ‘मावणे’ आणि ‘असणे’ फार नीट पाळतात, त्यामुळे हा मुद्दा आपल्याला इतर कोणाहीपेक्षा सोपा जायला हवा. सभागृहासाठी ‘सीट्स’ किंवा ‘अकॉमडेट्स’. शेवटच्याच्या स्पेलिंगमध्ये सी दोन आणि एमही दोन.

आग ‘कंटेन’ केली म्हणजे विझवली का?

विझवली नाही, आटोक्यात आणली. पसरू नये एवढी व्यवस्था झाली, आत ती जळतच असेल. साथीच्या रोगांच्या बातम्यांतलं ‘कंटेनमेंट’ याच अर्थाचं: रोग संपलेला नाही, त्याला कुंपण घातलंय. ‘आय कुडन्ट कंटेन मायसेल्फ’ म्हणजे मला राहवलं नाही.

राजकारणातही हा शब्द गाजला. जुलै १९४७ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकात ‘एक्स’ या नावाने एक लेख आला. लेखक होते अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन. सोव्हिएत संघाचा विस्तार रोखून धरावा, ही त्यांची मांडणी ‘कंटेनमेंट’ नावाने शीतयुद्धातलं अमेरिकेचं धोरण बनली. इथेही शत्रूला संपवण्याची भाषा नाही, रेषेपलीकडे येऊ न देण्याची आहे. अणुभट्टीभोवतीच्या जाड काँक्रीटच्या इमारतीला कंटेनमेंट म्हणतात तेही त्यामुळेच. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात भट्टीचा गाभा अंशतः वितळला, पण अशा इमारतीने बहुतेक किरणोत्सारी द्रव्य आत धरून ठेवलं. चेर्नोबिलच्या भट्टीला तसं पूर्ण कवच नव्हतं.

मूळ ‘धरणे’ हा अर्थ इथे पुन्हा दिसतो. आत धरणे आणि आवरून धरणे, एकाच शब्दाची दोन टोकं.

‘फ्रॉम मंडे टू फ्रायडे’ यात शुक्रवार येतो का?

बहुतेक वेळा येतो, पण शब्दांत तशी हमी नाही. हमी हवी तर ब्रिटिश ‘मंडे टू फ्रायडे इन्क्लूझिव्ह’ लिहितात, अमेरिकन ‘मंडे थ्रू फ्रायडे’. मुदतीच्या बाबतीत ‘टिल फ्रायडे’पेक्षा ‘अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे’ लांबलचक असलं तरी भांडण टाळतं. मराठीतला ‘धरून’ नेमका हाच: दोन्ही दिवस धरून, म्हणजे ‘बोथ डेज इन्क्लूझिव्ह’. उलट असेल तर ‘एक्स्क्लूझिव्ह ऑफ’ किंवा साधं ‘एक्स्क्लूडिंग’.

टोकं धरायची की सोडायची, हा घोळ जुना आहे. रोमन लोक मोजताना दोन्ही टोकं धरत. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये नवं कॅलेंडर लागू केलं आणि दर चौथ्या वर्षी लीप वर्ष ठरवलं. त्याच्या मृत्यूनंतर पुरोहितांनी आपल्या सवयीने सुरुवातीचं वर्षही मोजणीत धरलं आणि लीप वर्ष दर तीन वर्षांनी येऊ लागलं. पुढे ऑगस्टसने काही लीप वर्षं गाळून हिशेब जागेवर आणला. पाश्चात्त्य संगीतातलं सप्तक ‘ऑक्टेव्ह’ म्हणजे आठवं म्हणवतं, कारण तिथे वरचा सा मोजणीत धरतात आणि आपण धरत नाही. फ्रेंच माणूस पंधरवड्याला ‘पंधरा दिवस’ म्हणतो आणि आठवड्याला ‘आठ दिवस’. आपणही ‘पंधरवडा’ आणि ‘आठवडा’ म्हणतोच, तेव्हा हसायला नको.

संगणकावर हा घोळ रोज नव्याने होतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक ते दहाची ‘रेंज’ मागितली तर नऊपर्यंतच आकडे मिळतात, दहा बाहेर. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधल्या एका टिपणात खालचं टोक धरून वरचं सोडण्याच्या पद्धतीची बाजू मांडली आहे. वजाबाकी केली की लांबी थेट मिळते, हा त्यातला एक मुद्दा. माहितीसाठ्यातून नोंदी मागवण्याच्या एसक्यूएल या भाषेतलं ‘बिटवीन’ मात्र दोन्ही टोकं धरतं. तरीही महिन्याच्या १ ते ३१ तारखांमधल्या नोंदी मागितल्या आणि नोंदींत वेळही साठवलेली असेल, तर ३१ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचं सगळं गळतं, कारण वेळ न दिलेली ‘३१ तारीख’ म्हणजे त्या दिवसाचा अगदी पहिला क्षण. अहवालात शेवटचा दिवस रिकामा दिसला की आधी हे तपासावं.

कायद्याच्या कागदात ‘मीन्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ असा भेद का असतो?

‘मीन्स’ लिहिलं की व्याख्या बंद: पुढे जे आहे तेवढंच. ‘इन्क्लूड्स’ लिहिलं की सहसा शब्दाचा नेहमीचा अर्थ कायम राहतो आणि त्यात भर पडते. ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने डिलवर्थ खटल्यात हे स्पष्ट केलं आणि वकील आजही त्याचा दाखला देतात. त्याच निकालात असंही म्हटलंय की संदर्भ तसा असेल तर ‘इन्क्लूड’सुद्धा पूर्ण यादी ठरू शकतं. म्हणजे दार उघडं आहे, पण कुलूप लागण्याची सोय आहे.

‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ हे लांबण त्याच भीतीतून आलं. काही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख केला की न उल्लेखलेल्या वगळल्या, असा अर्थ लावण्याचं एक जुनं सूत्र आहे. दुसरं असं की विशिष्ट नावांनंतर ‘आणि इतर’ आलं तर ते ‘इतर’ त्याच जातीचे समजायचे. या दोन्हींतून सुटायला वकील ते चार शब्द जोडतात. करारात ठीक. रोजच्या ईमेलमध्ये नुसतं ‘इन्क्लूडिंग’ पुरतं.

जावास्क्रिप्टमध्ये ‘इन्क्लूड्स’ आणि जावामध्ये ‘कंटेन्स’, असं का?

या दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा, आणि ‘यात अमुक आहे का’ हे तपासणाऱ्या आज्ञेचं नाव दोन्हींत वेगळं आहे. ते अर्थाच्या बारकाव्याने नव्हे, अपघाताने. जावास्क्रिप्टमध्येही नाव ‘कंटेन्स’च ठरत होतं. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने (म्हणजे तयार कोडच्या संचाने) त्याच नावाची सोय आधीच घुसवली होती आणि ती वापरणारी संकेतस्थळं मोडू लागली. म्हणून ‘इन्क्लूड्स’ घेतलं. अक्षरमालिकांसाठी ते २०१५ च्या आवृत्तीत आलं, ॲरेसाठी, म्हणजे ओळीने साठवलेल्या यादीसाठी, २०१६ च्या.

गणितात ‘कंटेन’ खरोखरच दुहेरी आहे. संचात एखादा घटक आहे यालाही तेच आणि संचाच्या पोटात उपसंच आहे यालाही तेच. उत्तरपत्रिकेत घटकासाठी ‘बिलाँग्ज टू’ आणि उपसंचासाठी ‘इज अ सबसेट ऑफ’ लिहिलं की संशय उरत नाही.

‘कंटेंट’ की ‘कंटेंट्स’?

मोजून बाहेर काढता येईल असा ऐवज असेल तर अनेकवचन: पिशवीतले ‘कंटेंट्स’, पुस्तकाच्या सुरुवातीचं ‘टेबल ऑफ कंटेंट्स’. प्रमाण किंवा आशय असेल तर एकवचन: मातीतलं ‘वॉटर कंटेंट’, भाषणाचा ‘कंटेंट’. या दोन्हींत जोर पहिल्या अक्षरावर. जोर दुसऱ्यावर गेला की अर्थ होतो समाधानी.

‘एन्क्लोज्ड’ आणि ‘अटॅच्ड’?

पाकिटात घातलं तर एन्क्लोज्ड, ईमेलला जोडलं तर अटॅच्ड. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ जुनाट वाटतं. ‘आय हॅव अटॅच्ड’ सरळ आहे.

‘इन्व्हॉल्व्ह’ या यादीत बसतं का?

कडेला. काम करायचं म्हटलं की जे ओघाने करावंच लागतं ते ‘इन्व्हॉल्व्ह’: ‘द जॉब इन्व्हॉल्व्ज ट्रॅव्हलिंग’. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी रूपात, ‘टू ट्रॅव्हल’ नव्हे. ‘इन्क्लूड्स ट्रॅव्हलिंग’ म्हटलं तर प्रवास हे अनेक कामांपैकी एक. ‘इन्व्हॉल्व्ज’मध्ये त्यापासून सुटका नाही. ‘एन्कम्पस’ आणि ‘कव्हर’ हे विस्तार दाखवायला: विषय, काळ, प्रदेश. ‘इन्कॉर्पोरेट’ म्हणजे बाहेरचं आत घेऊन अंगाचाच भाग करणे. त्यात ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर आहेच. सूचना स्वीकारून मसुद्यात मुरवल्या तर ‘इन्कॉर्पोरेटेड’, नुसत्या शेवटी जोडल्या तर ‘इन्क्लूडेड’.

हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर ‘इन्क्लूडेड’ असतं. हिऱ्यात काय घातलेलं असतं?

कोणी काही घातलेलं नसतं. रत्नशास्त्रात ‘इन्क्लूजन’ म्हणजे दगड तयार होतानाच आत अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण, वायूचा बुडबुडा किंवा आतली भेग. प्रमाणपत्रावरचं ‘व्हीव्हीएस’ म्हणजे ‘व्हेरी व्हेरी स्लाइटली इन्क्लूडेड’, दहापट मोठं करून पाहिलं तरी जाणकाराला मुश्किलीने दिसेल इतकं. अंबरात, म्हणजे अश्म झालेल्या राळेत, अडकलेला किडाही इन्क्लूजनच. हिऱ्यात असा कण त्याची प्रत उतरवतो, अंबरात किडा असला तर संग्राहक त्याच्यामागे धावतात.